अण्णांना ऐकू येणारी मोटरसायकल

त्या मोटरसायकलच्या कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. उमेदीची सगळी वर्षं कंपन्यांविरुद्ध पत्रकं लिहिण्यात गेली, आता म्हातारपणी त्यांतल्या एकीची फुकट जाहिरात करायची हौस नाही. साडेतीनशे सीसीची, काळी, अंगाने म्हशीसारखी, आणि येण्याआधी चौकातून तिचा आवाज यायचा, एवढं सांगितलं की पुण्यातलं शेंबडं पोरही ओळखेल. माझे वडील दत्तोबा, म्हणजे आमचे अण्णा, ती घेणार होते. घेतली नाही. का घेतली नाही, हे सांगणं मी आजवर टाळत आले. चळवळीच्या आठवणी लिहा म्हणून लोक मागे लागतात. त्यांना मोर्चे हवे असतात, पोलिस चौकीतली रात्र हवी असते, ते सगळं मी मागच्या प्रकरणांत लिहून दिलं आहे. हे प्रकरण कुणी मागितलेलं नाही.

आमचं घर कसबा पेठेत, तांबटांच्या गल्लीत. खाली कारखाना, वर दोन खोल्या. कारखाना म्हणजे काय, तर एक भट्टी, एक ऐरण, भिंतीला टांगलेले पंधरा-वीस हातोडे आणि अण्णांचा बसायचा पाट. सकाळी आठला गल्लीत ठोके सुरू व्हायचे ते दिवेलागणीला थांबायचे. पहिल्यांदा आलेला पाहुणा कानांवर हात ठेवायचा. आम्हाला उलट, ठोके थांबले की चैन पडायची नाही. सुट्टीच्या दिवशी माझं डोकं दुखायचं. कोणता ठोका कुणाचा हे मला पाढे पाठ व्हायच्या आधी कळत होतं. अण्णांचा तीन आणि एक असा पडायचा, तीन भराभर, मग श्वास घेतल्यासारखा थांबून एक. तयार भांड्यावर शेवटी जे ओळीने ठोके मारतात, ज्याने तांब्याला खवले खवले येतात आणि चकाकी येते, त्याला मठार म्हणतात. अण्णांचा मठार गल्लीत पहिला होता. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. गल्लीतले बाकीचे तांबट, जे एकमेकांबद्दल चांगलं बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही, ते सांगायचे.

या ठोक्यांनी अण्णांचे कान नेले. गल्लीत पन्नाशी उलटलेला प्रत्येकजण थोडाफार बहिरा, पण अण्णांचे पंचेचाळिशीतच गेले. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग रेडिओ. आईचा आवाज कधी गेला, ते म्हणायचे, ते सांगता येत नाही, ती आधीपासूनच कमी बोलायची. ते स्वतः मात्र मोठ्याने बोलत, कारण स्वतःचा आवाजही त्यांना पोचत नव्हता. आमच्या घरातल्या खासगी गोष्टी शेजारच्या तीन घरांना आमच्याआधी कळायच्या. त्यांना हाक मारायची तर पाटावर पायाने ठोका द्यायचा: एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण, तीन म्हणजे कुणी आलंय. त्याहून लांबलचक काही असलं तर दारामागे टांगलेली दगडी पाटी. त्या पाटीवर आमचं सगळं घर चाललं. ‘तूरडाळ संपली.’ ‘मुकुंद पास.’ ‘मामा वारले.’ तिच्यावर पाच ओळी मावत, आणि आई म्हणायची, पाच ओळींपेक्षा जास्त बोलावं असं संसारात काही नसतं.

बहिरा तांबट भांडं वाजवून कसं बघणार, असं नवीन गिऱ्हाइकाच्या तोंडावर दिसायचं. अण्णा उजव्या हाताच्या पेराने हंड्यावर टिचकी मारत आणि डाव्या हाताची बोटं पलीकडच्या बाजूला पसरून ठेवत. डोळे मिटत. मग निकाल: खणखणीत, किंवा बद्द. बद्द म्हणजे कुठेतरी केसाएवढी चीर आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण आहे. बद्द भांडं ते विकत नसत. चार दिवसांचं काम असो, आई पाटीवर काहीही लिहो, ते भांडं ठेचून मोडीत जायचं. “बद्दला खणखणीत म्हटलं,” ते म्हणायचे, “की गिऱ्हाइकाला वर्षाने कळतं. मला त्याच क्षणी कळलेलं असतं. मग वर्षभर मी काय करायचं?”

आणि माझी पत्रकंही ते असंच वाजवून बघत. मी तेव्हा एका संघटनेत होते. देशाची दारं उघडली, परदेशी माल येऊ लागला, कारखान्यांतून माणसं घरी बसू लागली, आणि आम्ही पंधरा-वीस पोरंपोरी ते सगळं छपाईच्या एका ट्रेडल मशिनीच्या जोरावर थांबवणार होतो. पत्रकं मी लिहायचे. छापायला टाकण्याआधी कच्चा कागद अण्णांपुढे ठेवायचा हा आमच्यातला रिवाज. सातवी शिकलेला माणूस, पण ते उजव्या हातात कागद धरून, डाव्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याला लावून मोठ्याने वाचत, आणि मध्येच थांबून म्हणत, बद्द. “भांडवली शक्तींचं षड्यंत्र. बद्द. हे तुझं नाही शैले, उसनं आणलंयस कुणाचं तरी.” मी चिडायचे, वाद घालायचे, पाटी दोन-दोनदा पुसायचे, आणि ते वाक्य बदलायचे. आजही मी लिहिलेलं कुणाला साधं-सरळ वाटत असेल तर ते त्या बोटांमुळे.

आता मोटरसायकल. गल्लीच्या तोंडाशी हमीदभाईंचं गॅरेज होतं. त्यांचं घराणं पेठेत आमच्याइतकंच जुनं. अण्णा आणि ते एकाच शाळेत, एकाच बाकावर, आणि दोघांचं म्हणणं की दुसऱ्यामुळे नापास झालो. एका संध्याकाळी अण्णा आणि मी मंडईतून वांगी घेऊन येत होतो. गॅरेजपुढे कुणा गिऱ्हाइकाची ती काळी मोटरसायकल स्टँडवर उभी, हमीदभाई तिचं इंजिन तापवत होते. अण्णा चालता चालता थांबले. खाली स्वतःच्या चपलांकडे बघितलं. मग गाडीपाशी गेले, पिशवी माझ्या हातात दिली, आणि डाव्या हाताची बोटं पसरून टाकीवर ठेवली, हंड्यावर ठेवत तशी. डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येत नाही. हमीदभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि इंजिन चालू ठेवलं.

“आला,” अण्णा म्हणाले.

मी पुढे होऊन हातानेच विचारलं, काय आला?

“आवाज. इथं येतो.” त्यांनी दुसरा हात छातीवर ठेवला. “तीन आणि एक नाही. सरळ चालतो. पण येतो.”

म्हणजे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते वाचताना हे लक्षात ठेवावं. हे मला त्यांच्या पश्चात कुणी सांगितलं नाही, कुठल्या ट्रंकेत चिठ्ठी सापडली नाही. भर रस्त्यात, माझ्या देखत, मोठ्या आवाजात सांगितलं त्यांनी.

त्यानंतर रोज संध्याकाळी हात धुऊन ते गॅरेजवर जायचे. हमीदभाई त्यांच्यासाठी काहीतरी चालू करून ठेवत. स्कूटरींना ते नाक मुरडायचे: “ही चिवचिवते. आत काही येत नाही.” आई म्हणायची, या वयात नवऱ्याला नाद लागलाच तर तो यंत्राचा लागला, हे माझं नशीब म्हणायचं.

त्या वर्षी हिंजवडीकडे एका संगणक कंपनीची काचेची इमारत उभी राहत होती. तिच्या सजावटीवाल्या बाई गल्लीत आल्या आणि अण्णांना बारा घंगाळं करायला सांगून गेल्या, माणूस आत बसेल एवढी. मी विचारलं, एवढ्या माणसांनी तिथे आंघोळ करायची का? बाई हसल्या. म्हणाल्या, प्रवेशद्वाराशी ठेवायची, पाणी भरून फुलं सोडायची. तीन महिने गल्लीला दुसरं काम नव्हतं. अण्णांनी मठार मात्र सगळा स्वतः केला, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. शेवटचं घंगाळ टेम्पोत चढलं त्या दिवशी आईने शेवयांची खीर केली. जेवायला आम्ही चौघं: अण्णा, आई, मी आणि बी.एस्सी.ला असलेला धाकटा मुकुंद. अण्णांनी खिरीची वाटी रिकामी केली आणि तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “मी मोटरसायकल घेणार आहे. नवी. हमीदच्या ओळखीने नंबर लावलाय.”

त्या काळात त्या पैशात आमच्यासारख्या घरात एक लग्न उरकत असे. आईने हात पुसले, पाटी घेतली, लिहिलं, ‘कुठे जायचंय?’

“कुठंही नाही,” अण्णा म्हणाले. “तिच्यावर बसायचंय.”

आईचा मुद्दा एकच होता. मागून येणारा ट्रक यांना ऐकू येणार नाही. खरा मुद्दा होता तो. हमीदभाई दुसऱ्या दिवशी स्वतः वर आले आणि चहा घेत म्हणाले, “वहिनी, पुण्यात हॉर्न ऐकून बाजूला झालेला माणूस दाखवा, मी गॅरेज बंद करतो. दोन बाजूंना दोन मोठे आरसे लावून देतो. दत्तोबाने कानांचं काम डोळ्यांकडून करून घ्यायचं. आणि ताशी तीसच्या वर जाणार नाही तो, लिहून देतो.” आईने कप उचलले. पण चार दिवसांनी मी खालून आले तर ती खिडकीच्या कट्ट्यावर एका अंगावर बसून पदर कमरेला गुंडाळून बघत होती. मला पाहून उठली. हमीदभाईंच्या बायकोने तिला सांगितलं होतं, पदर चाकात जातो, दोन ठिकाणी पिना लावायच्या. लोणी काळभोरला तिची बहीण राहायची. बसने जायचं म्हणजे दीड तास उभं राहून, आणि आईचे गुडघे गेलेले. तिने बहिणीला कळवूनही टाकलं होतं की आम्ही गाडीवर येऊ. सहा मोठ्या सेफ्टी पिना तिने मंडईतून आणून देवाच्या कोनाड्यात ठेवल्या होत्या. हेही मला माहीत होतं.

आणि मी काय केलं? मी संतापले. आमची संघटना तेव्हा चंगळवादाविरुद्ध मोहीम चालवत होती. रोज संध्याकाळी मी अप्पा बळवंत चौकात उभी राहून लोकांना सांगायचे की गरज आणि हाव यांत फरक करा, आणि माझ्याच घरी, माझाच बाप, कंपनीच्या दारात फुलं तरंगवण्याच्या पैशातून मोटरसायकल घेणार. मी पाटीवर लिहिलं, ‘गरज काय?’ अण्णा म्हणाले, “सांगितलं की तुला.” मी लिहिलं, ‘शेजारचे दोघं काम नाही म्हणून गेल्या वर्षी गल्ली सोडून गेले.’ ते म्हणाले, “मी गाडी नाही घेतली तर परत येणारेत?” मी लिहीत गेले, पुसत गेले, पाटीच्या कडा लागून बोटं सोलवटली. पाच ओळींत माझं म्हणणं मावेना. मला सवय पत्रकाची.

म्हणून मी पत्रक काढलं. आज हे वाक्य लिहिताना ते किती सोपं दिसतं. दुसरी कुणी मुलगी बापाशी भांडली असती, अबोला धरला असता, जेवण टाकलं असतं. मी बापाशी असलेला वाद ट्रेडलवर छापून दोन हजार प्रतींत बुधवार पेठेपासून शनिवारवाड्यापर्यंत वाटला. मथळा होता, ‘घंगाळात फुलं, दारात मोटरसायकल’. मथळा सुचला तेव्हा मी स्वतःवर खूष झाले होते हेही लिहून टाकते. नाव कुठेही घातलं नव्हतं. ‘आमच्या पेठेतील एक कारागीर’ एवढंच. नाव नाही म्हणजे व्यक्ती नाही, मुद्दा आहे, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मी ते मनापासून मानत होते. कसब्यात घंगाळं केलेला तांबट किती, हे विचारायची अक्कल दोन हजार प्रती संपेपर्यंत आली नाही. आणि आईचा ट्रकचा मुद्दा, जो एकटाच खरा होता, तो मी पत्रकात घेतला नाही. त्यात विचारसरणी नव्हती.

कच्चा कागद या वेळी अण्णांपुढे ठेवला नव्हता. ही एकच गोष्ट सिद्ध करते की आत कुठेतरी मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मी दुपारी घरी आले. आई वांगं भाजत होती, वासाने जिना भरला होता. कारखान्यात ठोके नव्हते. अण्णा पाटावर बसले होते, समोर काही नव्हतं, ना भांडं ना हातोडा.

“पत्रक कुठंय?” ते म्हणाले.

मी पिशवीतून काढून दिलं. त्यांच्याकडे ते आधीच आलं होतं का, वाचलं होतं का, मला आजही माहीत नाही. त्यांनी उजव्या हातात कागद धरला, डावी बोटं गळ्याला लावली आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागले. गल्लीतले ठोके एकेक करून थांबले. दुपारी दोन वाजता तांबटांची गल्ली एवढी शांत मी कधी पाहिली नव्हती. आई जिन्यात येऊन उभी राहिली, हातात चिमटा. “आमच्या पेठेतील एका कारागिराने परवा बारा घंगाळं विकली. त्यांत कुणी आंघोळ करणार नाही. आलेल्या पैशातून तो मोटरसायकल घेणार आहे. त्याला कुठंही जायचं नाही.” इथे ते थांबले. “हे माझं वाक्य आहे,” म्हणाले. “चांगलं बसलंय.” आणि पुढे वाचत गेले. “कष्टकऱ्याच्या हातातला हातोडा काढून घ्यायचा आणि त्याला खेळणं द्यायचं, म्हणजे तो रडत नाही.” शेवटपर्यंत वाचलं. खालचा छापखान्याचा पत्ताही वाचला. एकाही ओळीवर बद्द म्हणाले नाहीत. मी वाट पाहत होते. एकदा म्हणाले असते तर मी वाद घातला असता, हरले असते, आणि गाडी आली असती.

“खणखणीत आहे,” ते म्हणाले. कागदाची नीट चौघडी केली, पाटाखाली ठेवली, आणि हातोडा घेतला.

संध्याकाळी जाऊन त्यांनी नंबर काढून घेतला. त्यानंतर गॅरेजवर गेले नाहीत. मंडईतून येताना गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने येऊ लागले. आईने कोनाड्यातल्या पिना काढून शिवणाच्या डब्यात टाकल्या. माझ्याशी कुणी भांडलं नाही. फक्त हमीदभाईंनी मला एकदा रस्त्यात थांबवलं. “ताई,” ते म्हणाले, “तुम्ही अमेरिकेला हरवायला निघाला होतात. हरला आमचा दत्तोबा. अमेरिकेला कळवलंत का?” मी त्यांना काहीतरी उत्तर दिलं. व्यक्ती आणि प्रवृत्ती असं काहीतरी. ते ऐकून घेऊन पाना पुसत आत गेले.

पैशाचं काय झालं ते सांगते, कारण त्यात एक गंमत आहे आणि ती माझ्यावरच आहे. अण्णांनी ते मुकुंदच्या संगणकाच्या कोर्सला घातले. मुकुंदला त्याच काचेच्या इमारतीत नोकरी लागली, रोज तो बापाच्या घंगाळांशेजारून आत जायचा, आणि चार वर्षांनी अमेरिकेला गेला तो तिकडेच राहिला. चंगळवादाविरुद्धच्या माझ्या सगळ्या लिखाणाचा जगावर झालेला मोजता येण्याजोगा परिणाम हा एवढाच. संघटना फुटली, कशी ते मागे लिहिलं आहे. नंतर पोटासाठी मी संगणकातल्या सूचनांचं मराठी करायचं काम धरलं. ‘फाइल जतन करायची आहे का?’ असं कुठे वाचलंत तर ते माझं असू शकेल. अण्णांनी वाजवून बघितलं असतं तर बहुतेक सगळं बद्द निघालं असतं.

आई एका हिवाळ्यात गेली. लोणीच्या बहिणीला भेटायला ती शेवटची गेली ती ॲम्ब्युलन्समधून, वाटेत थांबून. बहीणच घरातून रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. डबा आवरताना मला पिना सापडल्या. गंजल्या नव्हत्या. मी त्या ठेवल्या आहेत.

मग मी मोटरसायकल घेतली. तीच, काळी. बारा-तेरा वर्षं उशिरा. कुणाला विचारलं नाही, पत्रक काढलं नाही. हमीदभाईंच्या मुलाकडून चालवायला शिकले, चाळिशीच्या बाईने म्हशीएवढी गाडी शिकावी यावर पेठेने जे बोलायचं ते बोलून घेतलं. हमीदभाई तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून असत. त्यांना मी सांगितलं, दोन आरसे लावून द्या, मोठे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मुलाला म्हणाले, “ते वरच्या फळीवरचे काढ.” कागदात गुंडाळलेले दोन आरसे निघाले. तेव्हाच आणून ठेवलेले होते.

गल्लीत तोवर तीनच ठोके उरले होते आणि अण्णांचा त्यांत नव्हता. साखरेचा आजार जडला होता, पायांचे तळवे बधिर झाले होते, चालताना चप्पल निघून गेली तरी कळायचं नाही. काम थांबवलं तेव्हा म्हणाले, डोळे थकले. दिवसभर कारखान्याच्या दारात पाटावर बसून असायचे. मी गल्लीत शिरले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झाला, लोक खिडक्यांत आले, हमीदभाई मुलाचा हात धरून मागून चालत आले. अण्णांना मी आरशांच्या मधोमध दिसेपर्यंत काही कळलं नाही. मग त्यांचा चेहरा उघडला. दुसरा शब्द मला येत नाही.

मी गाडी त्यांच्या पुढ्यात उभी केली, स्टँडवर घेतली, इंजिन चालूच ठेवलं. ते भिंत धरून उठले. डाव्या हाताची बोटं पसरून टाकीवर ठेवली. डोळे मिटले. आम्ही सगळे बघत होतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्या दिवशी गॅरेजपुढे जे दिसलं होतं ते परत दिसेल म्हणून.

त्यांनी डोळे उघडले. बोटं जरा सरकवून पुन्हा ठेवली, हंड्यावर दुसरीकडे बघावं तशी.

“चालू कर की,” ते म्हणाले.

गाडी चालू होती. माझ्या पायाखालचे दगड थरथरत होते. तळवे गेले ते आम्हाला ठाऊक होतं. बोटं गेली हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डोळे थकले म्हणाले होते. पाटी शेजारीच होती. तिच्यावर ‘चालू आहे’ हे दोन शब्द लिहायचे होते. आयुष्यभर लिहीत आलेल्या माझ्या हाताला ते दोन शब्द लिहिता येईनात. हमीदभाई खाली बघत होते.

मग अण्णांची नजर आरशावर गेली. हमीदभाईंनी लावलेल्या मोठ्या आरशात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तो थरथरत होता, कडा धरत नव्हता. तो त्यांनी थोडा वेळ बघितला. माझ्याकडे बघितलं. उजव्या हाताच्या पेराने टाकीवर हलकेच टिचकी मारली, मान तिरकी केली.

“खणखणीत आहे,” ते म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. अण्णांची बोटं टाकीवर तशीच पसरलेली होती.